फुंकणीच्या टोकाला काच

अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयात रोमन बाटल्या बघताना मला त्यांच्या वयापेक्षा त्यांच्या स्वस्ताईचंच नवल वाटलं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळायचा. त्याआधीची काचेची भांडी साच्यात ओतून नाहीतर गाभ्याभोवती काच चढवून करायचे. वेळखाऊ काम, म्हणून श्रीमंतांपुरतं. इ.स.पूर्व पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइन पट्ट्यात फुंकणी आली आणि भाव कोसळले.

हे कसं, ते हाताने कळावं म्हणून न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत नाव घातलं.

भट्टी सुमारे ११०० अंश सेल्सिअसवर. लोखंडी फुंकणी आत बुडवून फिरवायची, टोकाला काच गोळा होते. मग बाहेर काढली तरी फिरवतच राहायचं, थांबलात की गोळा एका बाजूला लोंबलाच. लोखंडी पाटावर लाटून घेतला आणि जोर लावून फुंकले, तर काहीच नाही! शिक्षिकेने गंमत दाखवली: थोडंसं फुंकायचं आणि लगेच फुंकणीच्या तोंडावर अंगठा दाबायचा. आत कोंडलेली हवा तापते, पसरते आणि फुगा आपोआप धरतो. गाल फुगवायची गरजच नाही.

पुढे चिमट्याने मान आवळायची, तळाला दुसरी भरीव सळई चिकटवायची, मानेला पाण्याचा थेंब लावून टिचकी मारली की फुंकणी सुटते. मग भांड्याचं तोंड पुन्हा तापवून रुंदवायचं. हे सगळं मिनिटांत. शेवटी रात्रभर हळूहळू गार करावं लागतं, नाहीतर तडकतं.

तळाला सळईचा खरखरीत व्रण राहतो. संग्रहालयांनी निदान काही बाटल्या पालथ्या ठेवाव्यात असं माझं आता ठाम मत आहे. खरी माहिती तिथेच असते. साच्यात काच फुंकणाऱ्या, सिडोनच्या (आजच्या लेबनॉनमधल्या) एनिऑन या कारागिराने मात्र ‘एनिऑनने केलं’ असं ग्रीकमध्ये भांड्याच्या अंगावरच मिरवलंय.

आमचे फुटके तुकडे बादलीत जमा होत होते. रोममध्येही ते वाया जात नसत. रोमन कवी मार्शलच्या कवितेत एक फेरीवाला गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेतो, आपल्या बोहारणीसारखा.

जाणार असाल तर बंद बूट आणि सुती कपडे घाला. नायलॉन अजिबात नको, उष्णतेने वितळून कातडीला चिकटतं.