शरीर, शरीराला

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी सात वर्षं हिशेब लिहिले. संध्याकाळी सुटल्यावर पाय मात्र ग्रंथसंग्रहालयाकडे वळायचे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, आमच्या घरात तीन पिढ्या तिथल्या पुस्तकांवर वाढल्या. वाचता वाचता छपाईतल्या चुका खटकायला लागल्या आणि मनाने घेतलं, हे काम आपण करायचं. नौपाड्यातल्या एका प्रकाशकांना भेटले. त्यांनी दहा पानं हातात ठेवली, म्हणाले, तपासून आणा.

नापास झाले. तिथे एक ज्येष्ठ मुद्रितशोधक होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी एका शब्दावर पेन्सिल टेकवली. 'शरीराला' बरोबर छापलेलं होतं. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं म्हणून मी ते 'शरिराला' केलं होतं. "अगं, शरीर तत्सम आहे. संस्कृतातून आलं तसं राहिलं, त्याचा दीर्घ हलत नाही. सुटलेली चूक एक वेळ चालेल, पण तू बरोबर असलेलं बिघडवलंस."

मग मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम घेऊन बसले. १९६२चे १४ आणि १९७२मध्ये वाढवलेले ४, असे एकूण १८. नुसते पाठ करून काही होत नाही. प्रत्येक नियमाखाली रोजच्या वाचनातले शब्द लिहीत गेले आणि तीन महिन्यांत एक दोनशे पानी वही भरली. या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: कोश जवळ ठेवा, पण वही स्वतःची करा. दुसऱ्या खेपेला पास झाले. नोकरी मात्र लगेच सोडली नाही. पानावर पैसे मिळतात, आणि ते पुस्तक छापून झाल्यावर. घरभाडं तोवर थांबत नाही.

वर्षभर पुस्तकांचे फॉर्म, म्हणजे एकत्र छापले जाणारे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, तपासले. सकाळच्या लोकलमध्ये प्रुफं मांडीवर घेतली की शेजारच्या बायका आपसूक सरकून जागा द्यायच्या.

त्यानंतर भूदान पदयात्रेत चाललेल्या एका कार्यकर्त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं. मजकूर श्रीलिपी या जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य' सगळीकडे 'र्य' झाला होता: शेतकर्यांनी, गावकर्यांना, अधिकार्यांचा. मी शोधून बदलण्याची आज्ञा दिली, 'र्यां'च्या जागी 'ऱ्यां'. 'पर्यंत', 'कार्य', 'मर्यादा' यांत 'र्यां' येत नाही, हे ताडून पाहिलं होतं. तरी दुसऱ्या प्रुफात काकांनी पान वळवून माझ्यासमोर धरलं. विनोबांनी जमीन स्वीकारल्याचा प्रसंग होता, आणि 'आचार्यांनी'चं 'आचाऱ्यांनी' झालं होतं. आचार्यांच्या जागी स्वयंपाकी. अशा १९ जागा निघाल्या. ज्या माणसाने आयुष्य त्या चळवळीला दिलं, त्याच्या पुस्तकात हे छापलं गेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून एकगठ्ठा बदल मी करत नाही. प्रत्येक जागी थांबते, वाक्य वाचते, मगच कळ दाबते.

मुद्रितशोधन आणि संपादन ही दोन वेगळी कामं आहेत, हे मराठीत अजून ठसायचं आहे. बऱ्याचदा एकाच माणसाकडून, मुद्रितशोधनाच्याच पैशांत, दोन्ही करून घेतात. मीही तीन पुस्तकं तशीच केली. चौथं एका निवृत्त परिचारिकेचं. त्यातलं रात्रपाळीचं प्रकरण विलक्षण होतं, पण ते नवव्या क्रमांकावर दडलं होतं. त्याआधी जन्म, शाळा, मामाचं गाव. मी प्रकाशकांना स्पष्ट सांगितलं की हे संपादनाचं काम आहे, त्याचे दर वेगळे ठरवू. आवाज कापत होता, पण बोलले. त्यांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले.

मग बाईंच्या घरी, कोपरीला, पाच रविवार बसलो. त्यांनी लिहिलेले 'डूटी', 'शिस्टर', 'सलाइन लावली' हे शब्द मी तसेच ठेवले; वॉर्डात तसंच बोलतात. फक्त क्रम बदलू या, एवढं सुचवलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. नंतर आत जाऊन त्यांनी एक जुनी डायरी आणली. "मग यातलंही घ्यावं लागेल," म्हणाल्या. "ही मी तुला दाखवणार नव्हते." पहिलं प्रकरण आता तिथून सुरू होतं.