दाभोळची खाडी, काळोख आणि निळ्या पट्ट्यांची होडी

गुहागर झालं, वेळणेश्वर झालं, हेदवीची बामणघळ झाली. त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, फोटोही पाहिजे तेवढे आहेत. मला लिहायचंय ते दाभोळ ते धोपावे फेरीबोटीवरच्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल, आणि तेही चिडून. दिवस मावळल्यावर निघालेल्या फेरीसमोरून पर्यटकांची एक फायबरची होडी आडवी गेली. छताला निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या, पाण्याच्या रेषेलगत आणखी एक पट्टी, स्पीकर जोरात. लग्नाच्या मांडवासारखा थाट, आणि एवढ्या झगमगाटात नियमाने लागणारा एकही दिवा नाही. होडी येतेय की जातेय, हे फेरीवरून कळायला काही मार्गच नव्हता.

गाडीचा हेडलाइट रस्ता दाखवतो. होडीचे दिवे दाखवतात ते होडीचं तोंड कुठे आहे, आणि तेही दुसऱ्याला. 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत प्रत्येक दिव्याचा कोन ठरलेला आहे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. दोन्ही नाकासमोरून सुरू होऊन आपापल्या बाजूला 112.5 अंशांपर्यंत दिसतात. मागचा पांढरा 135 अंशांत. डोलकाठीवरचा पांढरा पुढच्या 225 अंशांत. बारा मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला सवलत आहे: डोलकाठीचा आणि मागचा असे दोन पांढरे दिवे लावण्याऐवजी चारी बाजूंनी दिसणारा एकच पांढरा चालतो, पण लाल-हिरवा हवाच. सात मीटरहून लहान आणि सात नॉटपेक्षा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने न जाणारी होडी असेल, तर नुसत्या पांढऱ्यावर भागतं; तिथेही जमत असेल तर बाजूचे दिवे लावा असंच नियम म्हणतो. आणि वल्हवायच्या होडीत निदान चालू टॉर्च हाताशी हवा, वेळेत दाखवण्यापुरता. हे सगळं सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. “अजून दिसतंय की” ही सबब नियमात नाही.

दाभोळहून निघालं की तोंड दक्षिणेला, समुद्र उजव्या हाताला. समुद्रातून आत येणारी होडी उजवीकडून येते आणि तिची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणजे आपल्याला लाल दिसतो. वाट आपण द्यायची, वेग कमी करून किंवा उजवीकडे वळून तिच्या मागून जायचं. खाडीच्या आतून समुद्राकडे निघालेली होडी डावीकडे, तिचा हिरवा दिसणार. तिने आपल्याला वाट द्यायची. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर होडी थेट समोरून येतेय, दोघांनीही उजवीकडे वळायचं. नुसता पांढरा दिसला तर मात्र डोकं खाजवायची पाळी: पाठमोरी होडी असेल, नांगरलेली असेल, नाहीतर छताला ट्यूबलाइट बांधून मासेमारीला निघालेला कुणी असेल. आपल्या खाड्यांत हा तिसरा प्रकारच फार.

टक्कर होणार का, हे ओळखायची रीत कुणालाही जमेल. फेरीच्या कठड्याचा एक खांब निवडायचा, डोकं हलवायचं नाही, आणि दूरचा दिवा त्या खांबापासून सरकतो का बघायचं. फेरीचं तोंड एकाच दिशेला असताना दिवा पुढे किंवा मागे सरकत असेल तर बहुधा निभावतं. दिवा खांबाला चिकटून राहिला आणि फक्त मोठा होत गेला, तर दोघं एकाच जागी पोहोचणार. यात डोळा नेमका फसतो, कारण न हलणारा दिवा मनाला स्थिर वाटतो आणि स्थिर म्हणजे निर्धोक असं आपण धरून चालतो.

आता थोडं गणित. बारा मीटरखालच्या होडीचे बाजूचे दिवे निदान एक सागरी मैलावरून, म्हणजे 1852 मीटरवरून दिसले पाहिजेत. दोन होड्या समोरासमोर दहा-दहा नॉटने येत असतील तर अंतर सेकंदाला साधारण दहा मीटरने घटतं. म्हणजे दिवा नीट असेल तर हातात तीन मिनिटं. दिवा नसेल आणि शंभर मीटरवर सावली दिसली तर दहा सेकंद. भरलेली फेरीबोट दहा सेकंदांत काय वळणार?

दाभोळच्या खाडीत आणखी एक अडचण आहे. दक्षिण तीरावर मुखाकडे अंजनवेलचा वीजप्रकल्प आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल, रात्रभर दिव्यांनी फुललेलं. आत येणाऱ्या होडीचा लाल दिवा त्या उजेडात मिसळून जातो. रात्री सुरक्षित वेग ठरवताना किनाऱ्यावरचे दिवे आणि आपल्याच दिव्यांची परतून येणारी चमक यांचा विचार करा, असं नियमातच लिहिलंय. उजेडाच्या भिंतीवर न दिसणारी होडी कधीकधी उजेड मध्येच झाकला जाण्यावरून कळते: किनाऱ्यावरचे दिवे एकामागून एक विझतात आणि पुन्हा लागतात, तिथे काहीतरी सरकत असतं. टाळकेश्वरचा दीपस्तंभ त्या गर्दीतही ओळखू येतो, कारण त्याची उघडझाप ठरलेली आहे.

फेरीवरच्या गाडीवाल्यांनाही सांगायला हवं. रॅम्पकडे तोंड करून उभ्या गाडीचा हेडलाइट चालू ठेवला की तांडेलाच्या, म्हणजे फेरी हाकणाऱ्याच्या, डोळ्यांचा बट्ट्याबोळ. काळोखाला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती कमाई एका झोतात जाते. एप्रिल 2017 नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, तेव्हा इंजिनच बंद करा. खलाशी ओरडतो तो उगाच नाही.

परत त्या निळ्या होडीकडे. चूक करायच्या पद्धतीही ठरलेल्या असतात. पहिली, सजावटीच्या पट्ट्या. अधिकृत दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते झाकोळतील असे इतर दिवे लावायला मनाई आहे. निळ्या पट्टीशेजारी दोन वॉटचा लाल दिवा असला काय नि नसला काय. दुसरी, बाजूच्या दिव्यांना आतून आडोसा नसणं. आतल्या बाजूला मॅट काळी पट्टी नसेल तर लाल आणि हिरवा दोन्ही भलत्याच कोनांतून एकत्र दिसतात आणि समोरच्याला वाटतं ही आपल्याच अंगावर येतेय. तिसरी, पांढरा दिवा छताखाली. तो बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान एक मीटर उंच, आणि उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवा. नाहीतर सेल्फी घ्यायला उठलेला पाहुणा तो झाकतो आणि उरलेला उजेड सुकाणूवाल्याच्या डोळ्यांत. चौथी, आणि ही मी सगळ्यात गंभीर मानतो: दिवे इंजिनच्या चावीवर जोडणं. इंजिन बंद पडलं की होडी काळोखात गडप, आणि नेमकी तेव्हाच ती कुणाला वाट देऊ शकत नसते.

नीट काम करायला फार लागत नाही. बारा व्होल्टची बॅटरी, दिव्यांना वेगळा स्विच, तीन ते पाच अँपिअरचा फ्यूज, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, बाहेरून ठणठणीत दिसते. जोड पाण्याच्या रेषेपासून जितके वर नेता येतील तितके न्यायचे, वर उष्णतेने आवळणारी नळी. तिन्ही एलईडी मिळून दहा वॉटच्या आत बसतात, म्हणजे एका अँपिअरहून कमी. दहा तासांत आठ-नऊ अँपिअर-तास. बॅटरी उतरते, हे कारण बल्बच्या जमान्यातलं. फुटलेल्या काचेवर रंगीत जिलेटिन चिकटवणं हा जुगाड मात्र नको, त्याने कोनही जातो आणि रंगही.

मासेमारीच्या बोटींची भाषा वेगळी. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, ओढणारी: वर हिरवा, खाली पांढरा. इतर जाळी टाकलेली: वर लाल, खाली पांढरा, आणि जाळं आडवं दीडशे मीटरहून लांब पसरलेलं असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा. प्रत्यक्षात डेकवरच्या झोतात हे सगळं बुडतं. (एलईडी लावून मासे गोळा करायला नोव्हेंबर 2017 पासून केंद्राची बंदी आहे, दूरवर क्षितिज उजळलेलं दिसतं ते कशाने, हे किनाऱ्यावर कुणालाही विचारा.)

जाळं पंख्यात अडकलं तर आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद. रिव्हर्स मारला की दोर आणखी आवळतो. पंखा वर उचलून कापायला बसण्याआधी नांगर टाकायचा, कारण ओहोटी असेल तर होडी मुखाकडे, जिथे लाटा उथळ वाळूवर फुटतात तिकडे ओढली जाते. नांगरल्यावरही पांढरा दिवा चालू. मदतीला व्हीएचएफ रेडिओचं चॅनल 16, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

लाइफ जॅकेटवर चमकती पट्टी आणि शिट्टी नसेल तर पाण्यात पडलेलं डोकं रात्री वीस मीटरवरही सापडत नाही, हे जॅकेट उशीला घेणाऱ्यांसाठी. केरळात तानूरला 7 मे 2023 रोजी उलटलेली पर्यटक बोटही सूर्यास्तानंतरच निघाली होती, भरमसाट भरलेली. 22 माणसं गेली.

हल्ली चमकणारं पाणी दाखवायला रात्री होडी काढायची टूम आहे. पाणी चमकावं म्हणून सगळे दिवे मालवतात, म्हणजे चालत्या होडीचे दिवेही. हे मला अजिबात पटत नाही. पाणी चमकवणारा प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव) असेल तर तो किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेतही दिसतो, चपला हातात घेऊन. तरीही जायचंच असेल तर चढण्याआधी होडीवाल्याला तिन्ही दिवे लावायला सांगा आणि खाली उभं राहून पुढून, दोन्ही बाजूंनी, मागून एकदा बघा. लाल होडीच्या उजव्या बाजूला निघाला तर पैसे परत मागा. मागताना लाजू नका.