तुम्ही विचारलंत म्हणून: वर्णभेद कुणी मोडला?

कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलायला कुठंही गेले, की दक्षिण आफ्रिकेचा विषय निघतो आणि हा प्रश्न हमखास येतो: तिथला वर्णभेद जगानं आर्थिक नाड्या आवळल्या म्हणूनच संपला ना? आवळल्या, हे खरं. भारतानं तर स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ सालीच, तिथला व्यापार तोडला होता. तरी माझ्या लेखी पहिला मान पायी चालणाऱ्यांचा.

आधी जमिनीचं बघा. १९१३ च्या कायद्यानं काळ्या बहुसंख्याकांसाठी देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ नंतर ती जेमतेम १३ टक्के झाली. एवढ्यात पोट भरणं शक्य नव्हतं, म्हणून माणसं खाणीत आणि कारखान्यात जात. कामाला या, पण वस्ती शहराबाहेर करा. शहरात वावरायचा सरकारी परवाना, म्हणजे 'पास', खिशात नसेल तर थेट तुरुंग. सोन्याच्या खाणीतल्या काळ्या मजुराची मजुरी महागाईचा हिशेब धरला तर १९६९ साली १९११ पेक्षा जास्त नव्हती! गोऱ्यांची सुबत्ता या मजुरीवर उभी होती, आणि राजवटीचं मर्मही तिथंच होतं.

ते मर्म जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा या काळ्या कामगारांच्या वस्तीनं ओळखलं. जानेवारी १९५७ मध्ये बसचं भाडं चार पेनींवरून पाच झालं. वाढली एकच पेनी, पण महिनाअखेर हात रिकामा असणाऱ्या घरात ती कुठून आणायची? लोकांनी बसच सोडली. 'अझिख्वेल्वा', आम्ही चढणार नाही, असं म्हणत हजारो माणसं पहाटे जोहान्सबर्गकडे चालू लागली. एका वेळची वाट सुमारे पंधरा किलोमीटरची, दिवसभर राबून संध्याकाळी तेवढीच परत. पोलिसांनी सायकलींच्या चाकांतली हवा सोडली, लोकांना गाडीत घेणाऱ्यांना अडवून कागद तपासले. चालणं काही थांबलं नाही. महिनोन्‌महिने हे चाललं, आणि अखेर वाढीव भाड्याचा भार कामावर ठेवणाऱ्या मालकांवर टाकणारा कायदा सरकारला करावा लागला. बसचं भाडं चार पेनीच राहिलं. मला हा प्रसंग सांगताना आजही भरून येतं.

मग १९७३ चं डर्बन. वीटभट्टीच्या कारखान्यातून सुरू झालेला संप कापड गिरण्यांत पसरला, हजारोंनी काम बंद केलं. काळ्या कामगारांच्या संघटनांना मान्यता नव्हती, संप बेकायदा होता. नेता पुढे केला की उचलला जाणार, हे ठाऊक असल्यानं त्यांनी मालकांपुढे नेताच उभा केला नाही. १९७९ मध्ये सरकारला या संघटनांना मान्यता देणं भाग पडलं.

तुम्ही म्हणता त्या नाड्या खऱ्या आवळल्या गेल्या १९८५ मध्ये. वस्त्या पेटल्या होत्या, जुलैत आणीबाणी लागली, आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेनं दक्षिण आफ्रिकेला दिलेल्या कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला. पैसा बुडेल ही धास्ती बँकेला त्या वस्त्यांमधल्या माणसांनी घातली होती.