आधी सरोवर, मग घोडागाड्यांचे रस्ते: ओहायोतील पाच दिवस

मागच्या जुलैमध्ये आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहायला आले, तेव्हा बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले की, त्यांना उंच इमारती बघायच्या नाहीत, शेती बघायची आहे. वाळवा तालुक्यात शिक्षकी करता करता त्यांनी आयुष्यभर शेतही कसले. हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला मका पाहून त्यांचा एकच शेरा होता, "एवढं रान आहे, पण रानात माणूस कुठाय?" त्यामुळे पाच दिवसांच्या सहलीत ईरी सरोवराकाठच्या गावांबरोबर होम्स काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) धरायचे ठरले. तो आमिश लोकांचा मुलूख आहे; हा मोटारी टाळून घोडागाडीने फिरणारा आणि घोड्यांनी शेती करणारा कर्मठ ख्रिस्ती पंथ आहे.

मी केलेला पहिला बेत सपशेल चुकीचा होता. शनिवार-रविवार होम्स काउंटी आणि नंतर सरोवर, असा तो होता. आमिश लोकांचे देऊळ असे नसतेच; एक रविवार सोडून एक रविवार कुणाच्या तरी घरी किंवा धान्याच्या कोठारात प्रार्थना होते. रविवारी त्यांची दुकाने, खानावळी, चीजचे कारखाने बंद असतात. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने वेळेवर हे सांगितले म्हणून सगळा क्रम उलटा केला. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांनी आधी वार पाहावा आणि मग मुक्काम ठरवावेत.

कोलंबसहून उत्तरेला सँडस्की दोन तासांवर आहे. शनिवारी दुपारपर्यंत आम्ही त्यापुढच्या मार्बलहेडला पोहोचलो. तिथले दीपगृह 1822 पासून अखंड चालू आहे. त्याच्या 77 पायऱ्या बाबा न थांबता चढले आणि आई खाली चुनखडीच्या सपाट खडकांवर बसून राहिली. तिला पाण्यात पाय बुडवायचे होते, पण पाण्याला हिरवट साय आलेली दिसल्यावर मीच तिला अडवले. सरोवराचा पश्चिम भाग उथळ आहे, आणि मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांमधून वाहून येणाऱ्या खतातील फॉस्फरसमुळे तिथे उन्हाळ्यात विषारी शेवाळ माजते. 2014 च्या ऑगस्टमध्ये याच कारणाने टोलीडो शहराला नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले होते. बाबांनी हे ऐकले आणि कृष्णाकाठच्या उसाला आपण किती युरिया टाकतो, याचा विषय काढला. तो जेवणापर्यंत पुरला.

रविवारी आम्ही गाडी काठावरच ठेवून फेरीने साउथ बास बेटावर गेलो. जायला वीसेक मिनिटे लागतात. बेटावर फिरायला भाड्याची गोल्फ कार्ट मिळते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी ती उत्तम सोय आहे. बेटावरचा 352 फूट उंच ग्रॅनाइटचा स्तंभ 10 सप्टेंबर 1813 च्या आरमारी लढाईचे आणि त्यानंतर अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्यात टिकलेल्या शांततेचे स्मारक आहे. त्याच्या खाली तीन अमेरिकन आणि तीन ब्रिटिश अधिकारी पुरलेले आहेत हे वाचून दाखवले, तेव्हा आईने दोनदा विचारले, "दोन्ही बाजूंचे, एकाच ठिकाणी?" परतीच्या फेरीला मात्र उन्हात तासभर रांग लागली. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या आत परत फिरलेले बरे.

सोमवारी सँडस्कीहून 250 क्रमांकाच्या रस्त्याने वूस्टरमार्गे दक्षिणेला निघालो. वूस्टरच्या पुढे सपाट रान संपते, टेकड्या सुरू होतात आणि रस्त्यावर घोड्याची लीद दिसू लागते. गाडी चालवण्याची पद्धत इथे बदलावी लागते. बग्गी ताशी जेमतेम बारा-तेरा किलोमीटरने चालते, आपण ऐंशीच्या पुढे असतो, त्यामुळे चढ ओलांडल्यावर शंभर मीटरवर दिसलेली बग्गी पाच सेकंदांत पुढ्यात येते. मागे नारिंगी-लाल त्रिकोण असतो, आणि 2022 च्या कायद्याने ओहायोत बग्गीवर लुकलुकणारा पिवळा दिवाही सक्तीचा झाला आहे. काही अतिशय कर्मठ गट मात्र या दोन्ही गोष्टी मानत नाहीत. मी हॉर्न वाजवायचा नाही, चढावर ओलांडायचे नाही आणि घोड्यापासून भरपूर अंतर ठेवायचे, हे तीन नियम धरले. पहिल्या बग्गीच्या मागे आम्ही बराच वेळ रांगत होतो आणि मी घड्याळ बघत होते. बाबा म्हणाले, "अगं, त्या घोड्याची चाल बघ, घड्याळ काय बघतेस."

बर्लिनजवळच्या एका वळणावर बाबांनी गाडी थांबवायला लावली. कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या शेतात उभ्या करून एकमेकींना टेकवलेल्या होत्या. "हे आपलं बुचाडच की!" असे म्हणून ते कुंपणापर्यंत गेले. शेतावरच्या दाढीवाल्या माणसाने हात केला. मी दुभाषी झाले. पेंढ्या उभ्या का ठेवता, किती दिवस वाळवता, मळणी कशाने करता, असे बाबांचे प्रश्न होते. त्याचा एकच होता, तुमच्याकडे नांगराला कोणते जनावर जुंपतात? आपसात हे लोक जर्मन वळणाची बोली बोलतात, पण आमच्याशी इंग्रजीत तो अगदी सहज बोलला. बाबांना त्याचा फोटो हवा होता. चेहऱ्याचा फोटो त्यांच्या धर्मात अभिमानाचे लक्षण समजतात, म्हणून मी नको म्हटले. मग बाबांनी पेंढ्यांचा फोटो काढला, तोही विचारून.

जेवणाचा प्रश्न मी समजले होते त्यापेक्षा अवघड निघाला. शाकाहारी वाटणाऱ्या घेवड्यात डुकराचे मांस, बटाट्यावर कोंबडीचा रस्सा, आणि एका खानावळीत विचारले तेव्हा 'पाय' (pie) नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाच्या पारीतही डुकराची चरबी असल्याचे वाढणाऱ्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. त्यांवर आणि तिथल्या ताज्या पावावर तीन दिवस निघाले. चीजसाठी दूध गोठवायला जे रेनेट वापरतात ते वासराच्या जठरातलेही असू शकते, म्हणून चीज घेताना ते कशाचे आहे, हेही विचारावे लागले.

बुधवारी माउंट होपला जनावरांचा लिलाव पाहिला. लिलाव पुकारणाऱ्याचा एक शब्द मला कळला नाही, आणि आपल्याकडच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून मुकाट्याने सौदा होत असे हे आठवून बाबा हसत राहिले.

परतीच्या वाटेवर किड्रनच्या लेहमन्समध्ये शिरलो. विजेशिवाय चालणाऱ्या वस्तूंचे हे दुकान 1955 साली आमिश गिऱ्हाइकांसाठी सुरू झाले. बाबांनी तासभर घालवून एक रॉकेलचा दिवा घेतला. "गावाकडे रात्रीची लाईट जाते तेव्हा कामाला येईल," हे त्यांचे समर्थन होते. दिव्याची काच विमानात कशी टिकणार यावर आईशी त्यांचा वाद कोलंबसपर्यंत चालला. शेवटी ती काच आईच्या दोन सुती साड्यांमध्ये गुंडाळून गेली. घरी पोहोचल्यावर व्हिडिओ कॉलवर बाबांनी सगळ्यात आधी तीच दाखवली. तडा गेला नव्हता, फक्त घरात रॉकेल नव्हते.