रात्री कुठं झोपला होतास?

पावसाळ्यात पहाटे पोट दुखतं म्हणून कुणी लेकरू आणलं की मी नाडी बघायच्या आधी विचारते, रात्री कुठं झोपला होतास? खाटेवर की खाली? आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नव्या सिस्टर पहिल्यांदा हे ऐकतात तेव्हा माझ्याकडे बघत राहतात. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. आणि ज्या बायकांना वाटतं की आता आपलं नर्सिंगचं वय राहिलं नाही, त्यांच्यासाठीही.

मी नर्सिंगला गेले तेव्हा चौतीस वर्षांची होते. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, प्रवेशाला वयाची अट पस्तीसची, म्हणजे दार बंद व्हायला थोडकाच अवधी होता. त्याआधी नऊ-दहा वर्षं मी आशा म्हणून पाड्यापाड्यांतून फिरत होते. गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप, रात्रीबेरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाणं. दवाखान्याच्या दारापर्यंत मी न्यायची आणि आत सिस्टर ताब्यात घ्यायच्या. त्या दाराच्या आत काय करतात ते आपल्याला यावं, ही इच्छा माझ्या मनात फार वर्षं होती. बारावी कला शाखेतून झालेली होती, तेवढं पुरलं.

तीन वर्षं हॉस्टेल. माझी मुलगी तेव्हा आठवीत, मुलगा पाचवीत, आणि मी सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या खोलीत. त्या मला काकू म्हणायच्या. पुस्तकं इंग्रजीत, शरीररचनेचे शब्द जिभेवर वळत नसत. रात्री फोनवर मुलगी माझ्याकडून स्पेलिंग म्हणून घ्यायची. सासूबाईंनी घर सांभाळलं. त्या नसत्या तर मी पहिल्या सहामाहीतच परत आले असते, हे मी कुणालाही सांगते. आमच्या एक ट्यूटर बाई होत्या. मी फार खचले की त्या रमाबाई रानड्यांचं सांगायच्या. 1909 साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या विधवा, परित्यक्ता, घरानं टाकलेल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यातल्या कितीजणी अठराच्या होत्या, असं बाई विचारायच्या. महाराष्ट्रात हे काम आधी केलं ते आयुष्य बघितलेल्या बायकांनीच, हे त्यांचं म्हणणं मला फार धीर द्यायचं.

परिचर्या परिषदेची नोंदणी झाली आणि नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्याच्या भागात कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून मला काम मिळालं. ही गोष्ट तिथल्या जुलै महिन्यातली. आवणी जोरात चालू होती. दिवसभर चिखलात वाकलेली माणसं रात्री पडल्या जागी झोपतात. माझी नाईट होती, सोबत तेवीस वर्षांची एक सिस्टर.

साडेचारच्या सुमाराला मोटारसायकलवरून एक मुलगा आला. नऊ वर्षांचा. चुलता गाडी चालवत होता, आई मागे, आणि पोरगा दोघांच्या मधे कांबळ्यात गुंडाळलेला. पोटात कळ येते, दोन उलट्या झाल्या, घसा दुखतो, थुंकी गिळवत नाही. ताप नाही. जत्रा, लग्न, बाहेरचं खाणं काही नाही. पावसाळ्यात अशी पोटदुखी रोज येते, त्यामुळे केसपेपरवर पोटदुखी आणि उलट्या एवढंच लिहिलं गेलं होतं. पण घसा दुखतो म्हणाला आणि मला एक बाई आठवली.

मी आशा असताना आमच्याच पाड्यावरची ती. पहाटे पोट धरून उठली, घशात काहीतरी अडकलंय म्हणाली, घरच्यांनी भगताकडे नेलं. मला कळेपर्यंत उजाडलं होतं आणि ती डोळे उघडत नव्हती. दुपारपर्यंत गेली. अंगावर चावल्याची खूण नव्हती, म्हणून साप कुणाच्या मनातच आला नाही. पोटाच्या दुखण्यानं गेली, असंच सगळे म्हणत राहिले. पुढं कॉलेजात सर्पदंशाचा धडा आला तेव्हा ते सगळं दुखणं जसंच्या तसं पुस्तकात लिहिलेलं होतं. मण्यार. रात्री फिरणारा साप. बारीक दात, चावल्यावर सूज नाही, आग नाही, कित्येकदा झोपलेल्याला जागसुद्धा येत नाही. देशात सर्पदंशानं वर्षाला सुमारे 58,000 माणसं दगावतात, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. ती बाई दवाखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हती. अशा किती असतील, या विचारानं मी त्या दिवशी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

आईला विचारलं, "रात्री कुठं झोपला होता?"

"खालीच, ताई. कणगीजवळ. पावसाचं बाहेर ओल येते ना."

कणगीत भात, भाताला उंदीर, उंदरामागं साप. ही घरं मी आतून बघितलेली आहेत, त्या जमिनीवर गोधडी टाकून झोपलेले आहे. मी टॉर्च घेतला आणि पोराला म्हटलं, "बाळा, वर बघ. छताकडं." त्यानं मान मागं टाकली आणि पापण्यांच्या फटीतून बघायला लागला. पापण्या वर जातच नव्हत्या. आई म्हणाली, झोप झाली नाही त्याची. श्वास किती पुरतो ते बघायला मी त्याला एका दमात आकडे मोजायला लावले. अकरापर्यंत गेला.

आमच्या डॉक्टर मॅडम क्वार्टरमध्ये होत्या, पाच मिनिटांत आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताईच म्हणतात. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतः पापण्या बघितल्या. मान उचलायला लावली, ती नीट उचलेना. पुन्हा आकडे मोजायला लावले. या वेळी सहा. आम्ही त्याला डोक्यापासून तळपायापर्यंत तपासलं, कानामागं, बोटांच्या बेचक्यांत. एक खूण सापडली नाही. रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. घोणस किंवा फुरसं असतं तर ते पातळच राहिलं असतं. इथं गोठलं. मॅडमनी तेवढ्या वेळाचीही वाट बघितली नाही, प्रतिविष काढा म्हणाल्या. साप कुणी पाहिला नाही, खूण नाही, तरी पापण्यांवर विसंबून हा निर्णय घेतला त्यांनी, आणि त्यासाठी मला त्यांचा फार आदर वाटतो.

शीर लावली त्या तेवीस वर्षांच्या सिस्टरनं, पहिल्या टोचणीत. गार पडलेल्या पोराच्या हाताला शीर मिळणं सोपं नसतं, तिचा हात माझ्याहून हलका आहे. मी कुप्या विरघळवत होते. कोरडी पूड असते, पाणी घालून दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायची, हलवली तर फेस होतो. दहा कुप्या. आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला दहा?" साप माणूस बघून विष कमी-जास्त सोडत नाही, म्हणून लहान-मोठ्याला औषध सारखंच लागतं, असं तिला सांगितलं. प्रतिविषाची रिॲक्शन कधीही येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन भरून उशाशी ठेवलं होतं. त्याची गरज लागली नाही. निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिनही देऊन बघितलं. नागाच्या विषावर ते बऱ्याचदा उपयोगी पडतं, मण्यारीच्या विषावर क्वचितच, कारण ती मज्जातंतूंची टोकंच निकामी करते. तिथं नुसतं प्रतिविष देऊन भागत नाही. टोकं पुन्हा सुधारेपर्यंत श्वास कुणीतरी चालू ठेवावा लागतो.

उजाडता उजाडता त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, छाती हलेनाशी झाली. मॅडमनी श्वासासाठी घशातून नळी घातली. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. 108 बोलावलेली होतीच. नाशिकचं सिव्हिल पन्नासेक किलोमीटर, मधे कोटंबी आणि सावळ हे दोन घाट, वर पाऊस. मी बरोबर निघाले.

ॲम्बुलन्समध्ये 108 चे डॉक्टर आणि मी आळीपाळीनं ॲम्बू, म्हणजे नळीतून हवा देणारी हातपिशवी, दाबत होतो. दर तीन-चार सेकंदांनी एकदा, छाती वर येतेय ना बघत. घाटात प्रत्येक वळणाला एक हात नळीवर ठेवायचा, ती निसटली तर सगळंच संपलं. आई पुढं ड्रायव्हरशेजारी, चुलता मागं आमच्यासोबत. पोराचं अंग पूर्ण लुळं पडलेलं. डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरी टाकली, बाहुल्या मोठ्या आणि हलत नव्हत्या. मण्यारीत बाहुल्यांवर जाऊ नका, ते मला म्हणाले. चुलत्यानं ते ऐकलं नाही. त्यानं बाहुल्या बघितल्या, पोराचा पाय हलवून बघितला आणि मोठ्यानं रडायला लागला. "गेलं पोरगं. गेलं आमचं."

मी त्याच्यावर ओरडले. "भाऊ, गप्प बसा. त्याला सगळं ऐकू येतंय."

ते खरंच आहे. मण्यारीच्या विषानं स्नायू बंद पडतात, मेंदू जागा असतो. डोळे मिटलेले, बोट हलत नाही, श्वाससुद्धा दुसऱ्याच्या हातात, पण आत माणूस जागा. नऊ वर्षांचं पोर काळोखात पडलंय आणि माणसं आपल्यावर रडतायत ते त्याला ऐकू येतंय, हे माझ्या मनात आलं आणि मग मी बोलायलाच लागले.

नर्सिंगच्या प्रोसिजर बुकात कुठल्याही कामाची सुरुवात एकाच ओळीनं होते, रुग्णाला काय करणार ते समजावून सांगा. इंजेक्शन असो, ड्रेसिंग असो. ती ओळ मी तीन वर्षं वहीत उतरवली होती. "बाळा, तुझे डोळे उघडत नाहीत कारण पापण्यांना विष चढलंय. ते उतरेल. तू झोपलेला नाहीस, मला माहीत आहे. हवा आम्ही देतोय, तुला काही करायचं नाही. आता घशातली लाळ ओढून घेणार आहे, खोकल्यासारखं वाटेल. आता वळण येतंय, अंग डावीकडं जाईल. आई पुढं बसलीय." सांगण्यासारखं संपलं की आवणीचं बोलायची, माझ्या पोराचं, आमच्या बैलांची नावं सांगायची. हात भरून आले की डॉक्टर घ्यायचे, बोलणं माझ्याचकडं. दोन लेकरांच्या तापाच्या रात्री काढल्या की असं बोलता येतं. माझ्या वर्गातल्या हुशार पोरींनाही ते येईल, पण मला त्या दिवशी ते शोधावं लागलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत बसून मला वाटायचं की गेली पंधरा वर्षं वाया गेली, मी उशिरा आले. त्या घाटात मला ते वाटलं नाही, आणि त्यानंतर कधीच वाटलं नाही.

सिव्हिलला पोचलो तेव्हा नाडी चांगली होती. पोराला व्हेंटिलेटरवर घेतलं. परतीच्या प्रवासात माझ्या बोटांत पेटके येत होते. पुढचे दिवस मॅडम रोज फोन करून विचारायच्या. पहिल्यांदा पायाचं बोट हललं, मग भुवया, मग हात. नळी निघाली.

सुट्टीच्या दिवशी मी भेटायला गेले. पोरगा उशीला टेकून बसला होता, आवाज बसलेला. आईनं ओळख करून दिली, ह्या ताईंनी तुला आणलं. त्यानं मला ओळखलं नाही. मी विचारलं, गाडीतलं काही आठवतंय का?

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका बोलला, मी मेलो."

"मग?"

"मग मला वाटलं, मेलो असंल."

माझं बैलांचं, वळणाचं, लाळेचं काही त्याला आठवत नव्हतं. तेवढं एक वाक्य राहिलं होतं. चुलता तिथंच उभा होता, तो बाहेर निघून गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं आमचं काम. आता असा रुग्ण पुढं पाठवायचा असला की गाडीत बसणाऱ्या नातेवाइकाला मी आधी बाजूला घेते आणि बजावते, हा हलणार नाही, डोळे उघडणार नाही, पण ऐकत असेल, त्याच्यासमोर रडायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. केसपेपरवर दंशाची वेळ आणि कुप्यांची संख्या लिहितो तसं हेही रेफरच्या आधी व्हायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मॅडमनी ते मान्य केलंय.

त्या पाड्यावर मी नंतर तिथल्या आशाताईला घेऊन गेले. खाट प्रत्येकाला परवडत नाही, पण मच्छरदाणी गोधडीखाली चारी बाजूंनी नीट खोचली तर मण्यार आत शिरत नाही, हे घराघरांत करून दाखवलं. कणगी झोपायच्या जागेपासून लांब सरकवली. मुलाची आई आमच्याबरोबर शेवटच्या घरापर्यंत आली, बोलायचं बरंचसं तीच बोलली.

परतताना आशाताईनं मला जीएनएमच्या फॉर्मचं विचारलं. तेहतीस वर्षांची आहे, बारावी झालेली, घरी दोन लहान मुलं. नवऱ्याला विचारते म्हणाली. मी म्हटलं विचार, पण जन्मदाखला, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि डोमिसाईल आजच एका पिशवीत घालून ठेव, दाखल्यांना वेळ लागतो आणि वयाची अट थांबत नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. डोमिसाईल हातात आलंय, आणि इंग्रजीचं पुस्तक कुठलं घेऊ, असं विचारत होती.