बाईंच्या गाडीतला दिवा

मे महिन्यातला सोमवार. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या आमच्या गॅरेजचं शटर अर्धं वर केलं तोच बाईंचा फोन. "अरे, काल रात्री पुण्याहून आले. आता गाडी चालूच होत नाही. किल्ली फिरवली की नुसती टकटक करते."

बाई म्हणजे शाळेत आम्हाला मराठी शिकवायच्या त्या. आता निवृत्त, कॉलेज रोडला राहतात, जुनी हॅचबॅक स्वतः चालवतात. टकटक म्हणजे बॅटरी बसली, हे सांगायला वायरमन लागत नाही. पण माझ्या पोटात गोळा आला. आठच दिवसांपूर्वी त्या गाडीच्या टपाखालच्या दिव्यात, म्हणजे रूम लॅम्पमध्ये, मी हात घातला होता.

झालं असं होतं, की दार लावलं रे लावलं की दिवा फटकन जातो, मग किल्लीचं भोक सापडत नाही, बेल्टचं टोक सापडत नाही, अशी बाईंची तक्रार. "कालिदासमध्ये नाटक सुरू होताना दिवे कसे हळूहळू जातात, तसं कर की." मी म्हटलं, करतो बाई, हळूहळू विझेल असं करतो. "विझेल नाही रे, मालवेल म्हण." चाळीस वर्षांची सवय.

नव्या गाड्यांत हे कंपनीतूनच येतं. तिथला कंट्रोल युनिट दिवा भराभर चालू-बंद करत त्याचा उजेड उतरवत नेतो. जुन्या गाडीत मात्र दारातला स्विच म्हणजे साधं बटण. दिव्याला प्लस कायम असतो. दार उघडलं की स्विच दुसरी वायर बॉडीला अर्थ करतो. दार लागलं, अर्थ तुटली, काळोख.

माझ्या हेल्परने आधी दिव्याला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवून ठेवणारा पार्ट, समांतर लावून पाहिला. ढिम्म फरक नाही. १० वॅटचा बल्ब, पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स जेमतेम १४ ओहम. एवढा कपॅसिटर तो पापणी लवायच्या आत पिऊन टाकतो. म्हणून मी मॉसफेट घेतला. हा इलेक्ट्रॉनिक स्विच: ड्रेन या पायातून करंट शिरतो, आणि गेट या पायावरचं व्होल्टेज तो किती जाऊ द्यायचा ते ठरवतं. तो दाराच्या स्विचला समांतर, त्याच्या ड्रेन आणि गेटमध्ये कपॅसिटर, गेटपासून अर्थला एक रेझिस्टन्स. दार लागलं की दिव्याच्या वायरवर व्होल्टेज चढू पाहतं. कपॅसिटर तो धक्का गेटला पोचवतो, मॉसफेट चालू होतो आणि व्होल्टेजला वर जाऊ देत नाही. मग गेटचा चार्ज रेझिस्टन्समधून जसा थेंबथेंब निघेल, तसं व्होल्टेज चढतं आणि दिवा मंदावत जातो. पिवळा होतो, मग तांबूस, मग जातो. मोजून पाच पार्ट नाहीत, पण बघायला फार गोड दिसतं.

किती वेळ लागेल ते कपॅसिटर आणि रेझिस्टन्सच्या गुणाकारावर. मला हवा होता २२ मायक्रोफॅरड आणि १०० के, म्हणजे एक लाख ओहम. खणात २२चा नव्हता. २.२चा होता, जुना. एमजी रोडला जायचा कंटाळा आला. २.२ला १ मेगचा, म्हणजे दहापट, रेझिस्टन्स लावला की गुणाकार तोच. लावला. संध्याकाळी दार लावून पाहिलं, सात-आठ सेकंदांत दिवा पूर्ण गेला. बाई खूश. जाताना आंब्याच्या वड्या देऊन गेल्या.

तर सोमवारी दुसऱ्या बॅटरीवरून जंपर मारून गाडी गॅरेजला आणली. चार्जिंग बघितलं, १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. दारं लावली, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर टाकला. ०.३१ अँपिअर! अशी गाडी उभी असताना ०.०२-०.०३ खाते. फ्यूज एकेक काढत गेलो. रूम लॅम्पचा निघाला आणि मीटर खाली ०.०२ वर आला. बाई चार दिवस पुण्याला लेकीकडे होत्या, गाडी इथे अंगणात उन्हात. ०.२९ अँपिअर गुणिले ९६ तास, २८ अँपिअर-तास झाले. बॅटरीच ३५ची.

पण काचेतून पाहिलं तर दिवा बंद! हेल्पर म्हणाला, "दादा, दिवा कुठे लागलाय?" मीही दोनदा पाहिलं. सकाळचे अकरा, बाहेर डोळे दिपतील असं ऊन. खिडकीतून हात घालून दिव्याच्या कव्हरला बोट लावलं आणि चटका बसला. मग दोघांनी मिळून गाडीवर ताडपत्री टाकली, चारही बाजूंनी काचा झाकल्या, आणि मी खालून डोकं घालून वर बघितलं. फिलामेंट लाल होतं. उजेड नाही, नुसती लाली, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढी.

कारण होता माझा आळस. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडासा करंट नेहमीच गळतो, इथे तीन-चार मायक्रोअँपिअर. १०० के असता तर त्याने गेटवर ०.३-०.४ व्होल्ट आले असते, मॉसफेटला ते जाणवतही नाहीत. पण १ मेगवर तेच तीन-चार व्होल्ट होतात, म्हणजे मॉसफेट बरोब्बर अर्धवट चालू! उन्हाने टप तापला, गळती वाढली; अर्धवट चालू मॉसफेट स्वतः तीनेक वॅट जाळत बसला, त्याने शेजारचा कपॅसिटर आणखी तापवला. शिवाय तापलेला मॉसफेट आणखी कमी व्होल्टेजला चालू होतो. रात्री गारवा आला तरी दोघे एकमेकांना ऊब देत राहिले. मी मुद्दाम अशी शेगडी बनवायला गेलो असतो तर जमली नसती. आणि अंधूक दिवा थोडाच करंट खात असेल या समजुतीत कोणी राहू नये. फिलामेंट गार असलं की त्याचा रेझिस्टन्स कमी असतो; लाली दिसत नव्हती तरी पूर्ण उजेडाच्या एक तृतीयांशाहून जास्त करंट जात होता.

एमजी रोडला गेलो. २२चा नवा कपॅसिटर आणला, ज्यावर १०५ डिग्री छापलेलं असतं तो. १०० के लावला. हेअर ड्रायरने दहा मिनिटं टप भाजला आणि मीटर बघत बसलो. ०.०२. पैसे घेतले नाहीत, बॅटरीही रात्रभर चार्जिंगला लावली. बाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कागदावर गणित बरोबर होतं?" मी हो म्हटलं.

गुरुवारी परत फोन. या वेळी धडकीच भरली. "गाडी छान आहे रे. पण काल दार लावलं, दिवा गेल्यावर कळलं पिशवी बाहेरच राहिली, म्हणून उघडून लगेच परत लावलं, तर दिवा फटकन गेला. एरवी मालवतो नीट."

दार उघडल्यावर कपॅसिटर पुरता रिकामा व्हायला काही सेकंद लागतात, त्याआधीच दार लागलं तर पुढच्या खेपेला धक्काच उरत नाही. अर्थपासून गेटला एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, टाकला की दार उघडताक्षणी तो रिकामा होतो. रुपया-दोन रुपयांची वस्तू. आणि ती मात्र खणात होती.