ठिगळाला कोपरा नको: आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप न्यू जर्सीत आहे, पण वेल्डिंगचा पहिला धडा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. अण्णा तिथं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचे. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री बारालाही दारात ट्रॉली उभी असायची, कुणाचा हूक उखडलेला, कुणाची चॅसी चिरलेली. ठिगळाचा पत्रा कापला की अण्णा त्याचे चारही कोपरे घासून गोल करायचे. "कोपरा ठेवलास की तितनंच फाटतंय बघ," म्हणायचे. मी तेव्हा बारा वर्षांचा. ऐकलं आणि विसरलो.

इथे आल्यावर काही वर्षं बॉडी शॉपमध्ये नोकरी केली. 2009 मध्ये भाड्याच्या जागेत स्वतःचं काम सुरू केलं. हिशेब आणि पार्टच्या ऑर्डरी बायको बघायची. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंजलेल्या गाड्यांना तोटा नव्हता. मिलव्हिलचा रेस ट्रॅक आदल्याच वर्षी सुरू झाला होता. तिथे सुट्टीला गाडी पळवणारे हौशी लोक हळूहळू आमच्याकडे वळले. त्यांतलाच एकजण 1982 ची पोर्शे 911 एससी घेऊन आला आणि आमच्या धंद्याची दिशा ठरली.

त्याची तक्रार अशी, की ड्राइव्हवेवर तिरकं चढताना मागून 'ठक्' असा आवाज येतो, पण दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवरून गेली तर काहीच नाही. ही खूण मोलाची आहे. एकच चाक उचललं की मागचा स्वे बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, पिळला जातो आणि त्याचा जोर बॉडीवरच्या माउंटवर, म्हणजे बार धरणाऱ्या बैठकीवर येतो. दोन्ही चाकं बरोबर उचलली तर बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो. गाडी लिफ्टवर घेतली, खालचा जाड लेप खरवडला, तर डावा माउंट बॉडीपासून अर्धा सुटलेला.

कारण उघड होतं. या गाडीला मागे 18 मिलिमीटरचा बार येतो. मालकाने 21 चा बसवला होता. बार तसाच, फक्त 3 मिलिमीटरने जाड. पण पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ 1.85 पट. एवढा भार जुन्या गाडीच्या पातळ पत्र्याच्या माउंटवर, प्रत्येक वळणाला उलटसुलट. वेल्डच्या कडेला चीर पडते आणि रोज थोडी पुढे सरकते.

मी तिथे 6 मिलिमीटरची चौकोनी प्लेट ठोकून वेल्ड केली. मजबूत काम केलं म्हणून खूश होतो. दोन सीझननंतर तीच गाडी परत आली. प्लेट जशीच्या तशी, आणि तिच्या कोपऱ्यापासून शेजारचा पत्रा फाटलेला. त्या रात्री कोल्हापूरला फोन लावला. अण्णांनी एवढंच विचारलं, "बॉडीचा पत्रा केवढा हाय?" म्हटलं, जेमतेम मिलिमीटरभर. "मग सहाचं ठिगळ कशाला लावलंस लेका?"

ते काम मी पुन्हा केलं, पैसे न घेता, आणि आजही आम्ही त्याच पद्धतीने करतो. चिरेच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडून ती थांबवायची, मग चीर व्हीसारखी उघडून वेल्ड भरायचा. वर 2 मिलिमीटरची, गोल कोपऱ्यांची, माउंटपेक्षा बरीच लांब प्लेट, म्हणजे भार एका रेषेत न साचता पसरतो. मधे भोकं पाडून तिथूनही वेल्ड. सलग न ओढता इंच-इंच टाके, नाहीतर पत्रा वाकतो. 1976 च्या मॉडेलपासून 911 ची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेली आहे. तो आधी घासून काढावाच लागतो. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात ते वेगळंच. बॅटरी आधी सोडवायची. 1984 च्या मॉडेलपासूनची 911 कॅरेरा असेल तर इंजिनचा कंप्युटरही काढून ठेवायचा. शेवटी गाडी चाकांवर उभी करून, बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या लिंकची लांबी अशी जुळवायची, की उभ्या गाडीत बारवर पीळ राहता कामा नये. ही शेवटची पायरी पुष्कळ ठिकाणी गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आज आम्ही चौघं आहोत. डिसेंबर ते मार्च, ट्रॅक बंद असताना, या कामाला जागा पुरत नाही. प्रत्येक मॉडेलच्या प्लेटचे पुठ्ठ्याचे नमुने भिंतीवर टांगलेत. दुरुस्तीवर आम्ही जाड लेप देत नाही, झिंक प्रायमर आणि पातळ रंगच देतो, म्हणजे नवी चीर पडली तर लगेच दिसेल.

ती पहिली एससी दर एप्रिलला तपासायला येते. मी स्वतः खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात प्लेटची कड बोटाने चाचपतो. यंदाही कड शाबूत होती.